कमळपक्ष्याची पाहणी

अधिकारी बाई शुक्रवारी पाहणीला येणार हे कळल्यापासून फ्रेमवाल्याने तीन काचा वाकड्या कापल्या होत्या. चौथी हातातच तडकली, तेव्हा बायकोने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

"आता पुरे. कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोला रक्त लागायचं."

"उकडतंय फार," तो म्हणाला.

"उकडतंय सगळ्यांनाच. तुमचं काहीतरी निराळं आहे."

निराळं होतंच. गावामागच्या तळ्यात भराव टाकून तिथे बसचं आगार बांधायचं घाटत होतं. भर उन्हाळ्यातही त्या तळ्याला पाणी असायचं, त्यामुळे आसपासची सगळी पाखरं तिथेच उतरत. गावातली आठ-दहा माणसं रोज सकाळी दुर्बिणी घेऊन तिथे जात आणि दिसलेल्या पक्ष्यांचे फोटो फोनवरच्या ग्रुपवर टाकत. फ्रेमवालाही त्या ग्रुपवर होता. दातांची डॉक्टर त्यांची म्होरकी. निवृत्त कंडक्टरच्या कॅमेऱ्याला एवढी लांब लेन्स होती, की सगळे तिला तोफच म्हणत. या मंडळींनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, खंड्यांचे, बगळ्यांचे, पाणकोंबडीच्या पिल्लांचे फोटो जोडले. वनखात्याच्या कचेरीतून एका ओळीचं उत्तर आलं: हे पक्षी कुठेही दिसतात.

त्याच आठवड्यात फ्रेमवाल्याकडे एक जुनी चौकट दुरुस्तीला आली. आतलं चित्र काढलं, तर त्याच्यामागे पुठ्ठ्याच्या जागी एक फोटो सरकवलेला. लांब शेपटीचा कमळपक्षी, तरंगत्या पानांवर, अंडी उबवत बसलेला. गावात हा पक्षी पाहिल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. फ्रेमवाल्याने फोनने त्या फोटोचा फोटो काढला, कडा कापल्या, रंग जरा उजळले आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आज सकाळी, आपल्या तळ्यावर. पलीकडचा काठ.'

त्याला वाटलं होतं, दोन दिवस चर्चा होईल आणि लोक विसरतील. पण डॉक्टरने तो फोटो तासाभरात कचेरीत पोचवला. पाहणी होईपर्यंत भरावाचं काम सुरू करू नये, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी कंडक्टर दुकानात येऊन टेबलावर रेलला. "मीपण ऐकला बरं का. मांजर म्याऊ करतं ना, तसा. दिसला नाही, पण ऐकला."

फ्रेमवाल्याला हसावं की रडावं कळेना. त्याने मान डोलावली आणि खिळा सोडून बोटावर हातोडी मारून घेतली.

मग तो रोज तळ्यावर जाऊ लागला. न जाणो, खरंच आला असेल तर? नऊ दिवस त्याने पलीकडचा काठ पिंजून काढला. पाणकोंबड्या दिसल्या. आणखी पाणकोंबड्या दिसल्या. रात्री डोळा लागेना.

गुरुवारी त्याने मनाचा हिय्या केला आणि दवाखान्यात गेला. डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात आरसा घालून उभी होती.

"डॉक्टर, त्या फोटोबद्दल जरा..."

"काका, तुमच्यामुळे तळं वाचणार आहे," ती म्हणाली आणि पेशंटला सांगू लागली, "हेच ते. यांनीच पाहिला." पेशंटने आ वासूनच त्याला हात जोडले. फ्रेमवाला आल्या पावली परत फिरला.

शुक्रवारी अधिकारी बाई आल्या. पांढरे केस, कापडी टोपी, हातात घडीची खुर्ची. महिनाभरात निवृत्त होणार, असं त्यांचा ड्रायव्हर सांगत होता. त्यांनी सगळ्यांना अलीकडच्या काठावरच थांबवलं. "गर्दीने पक्षी बुजतो. फोटो ज्यांनी काढला, तेवढे चला."

दोघं पलीकडच्या काठावर तासभर बसले. पाण्यावर ऊन चमकत होतं. एक पाणकोंबडी पुन्हा पुन्हा येऊन जात होती.

"किती वाजता काढलात?" बाईंनी विचारलं.

"साडेसहाला."

"अंडी किती होती?"

"चार."

"आणि बसला होता तो नर की मादी?"

"अंड्यांवर म्हणजे... मादीच."

"कमळपक्ष्यांत अंडी नर उबवतो."

त्या पुन्हा पाण्याकडे बघू लागल्या. फ्रेमवाला चुळबुळत राहिला. पलीकडून कंडक्टरची तोफ त्यांच्याकडेच रोखलेली होती. डॉक्टर उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरून बघत होती. ही माणसं उद्या आपलं तोंडही बघणार नाहीत, असं त्याच्या मनात येत राहिलं.

बाईंनी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि लिहू लागल्या. फ्रेमवाल्याने तिरक्या नजरेने वाचलं. 'कमळपक्षी, नर, एक. अंडी चार. प्रत्यक्ष पाहिला. वीण चालू असल्याने भराव टाकू नये.' खाली त्यांनी सही केली.

"मॅडम," तो म्हणाला, "आपल्याला तर काहीच दिसलं नाही. तुम्ही खोटं लिहू नका माझ्यापायी. तो फोटो इथला नाही. मला एका जुन्या चौकटीत सापडला."

"माहीत आहे." बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीची घडी केली. "मीच काढलाय तो. ते तळं बुजवलं, तिथे आता आमची कचेरी आहे."