उत्तर

व्हीआरचा तो जाडजूड चष्मा डोळ्यांवर चढवल्याबरोबर सबनीस भुयारात उभे राहिले आणि त्यांची बोटं हवेतच टाइप करू लागली. पस्तीस वर्षांपूर्वी हा खेळ त्यांनीच लिहिला होता, पण तेव्हा त्यात चित्राचा पत्ता नव्हता. काळ्या पडद्यावर नुसती वाक्यं. ‘दिवा घे’ लिहिलं की दिवा हाती यायचा, ‘उत्तर’ लिहिलं की माणूस उत्तरेला सरकायचा.

आता भिंतींना ओल होती, दिवा खरोखर फडफडत होता आणि कीबोर्ड कुठेच नव्हता. "अगं चारुता, पुढे जायचं कसं?" ते भिंत चाचपत ओरडले. हाताला लागलं ते घरातलं कपाट.

"चालत, बाबा," मुलगी हसत म्हणाली. हे भुयार नव्याने उभं करून ती चंदीगडहून घेऊन आली होती.

चार पावलांवर बंद दार होतं. त्यांच्या खेळात या दारावर कोडं असायचं. आज तिथे लिहिलं होतं, ‘बाबा, आता तरी माझ्याकडे राहायला येणार?’

वर्षभर फोनवर टाळलेला प्रश्न! सबनीस मागे वळले, तर मागे वाटच नव्हती. मूळ खेळात ती त्यांनीच ठेवली नव्हती.

"बाबा, उत्तर?"

ते जागच्या जागी गोल फिरले. "उत्तर... कुठल्या बाजूला?"

"दिशा नाही हो, बाबा! उत्तर द्या."

त्यांची बोटं हवेत तीन अक्षरांपुरती हलली.

"तेच तर देतोय," ते म्हणाले. "उत्तर. चंदीगड तिकडेच आहे ना?"