बाहेरचा आवाज

"आधी कानात घालून बघते. मग पैसे."

मारिक्रूसने हात पुढे केला. मेट्रोच्या फाटकातल्या फिरत्या दांड्यांच्या पलीकडे यादिरा उभी होती. तिची चाकांची बॅग गिऱ्हाइकांच्या पुडक्यांनी फुगली होती. तिकिटाचे पैसे वाचावेत म्हणून ती मेट्रोच्या आतच राही, गिऱ्हाईक बाहेर थांबे आणि माल दांड्यांवरून हातोहात जाई. तिच्यासारख्या कितीतरी बायका असाच धंदा करत. चाबाकानो स्टेशनवरचा पोलीस आता त्यांच्याकडे मान वळवूनही बघत नसे.

"अगं राणी, डबी सीलबंद आहे."

"सील कुणीही लावतं."

यादिराने कपाळाला हात लावला. "इअरफोन घेतेयस की नवरा? मी लग्नाआधी एवढी चौकशी केली असती ना, तर आज सुखात असते!"

शेजारी पुडक्यासाठी थांबलेली बाई फस्सकन हसली. मारिक्रूस हसली नाही. तिने डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर घालून पाहिला. सील फोडून आतल्या इअरफोनवरचा नंबर त्याच्याशी जुळवला. मग ते फोनला जोडले, कानात बसवले आणि कळ दाबली. स्टेशन एकदम गप्प झालं. खालून गाडी आल्याचा वारा लागला, आवाज आला नाही. यादिराचे ओठ हलत राहिले.

माल अस्सल होता. मगच तिने फोनवरून पैसे पाठवले.

"कुणासाठी गं एवढं?" यादिराने विचारलं.

"आईसाठी. आजारी आहे."

यादिराचा चेहरा उतरला. "आईसाठी? आणि इतके आठवडे मला नंबर दाखव, व्हिडिओ पाठव करत बसलीस? आधी बोलायचंस की, बाई. मी त्याच दिवशी आणून दिले असते."

मारिक्रूसने डबी पिशवीत खोल ठेवली. ती नोटरीच्या कचेरीत कामाला होती. खोट्या सह्या पाहण्यात तिचे दिवस जात. तिच्याच कचेरीतल्या एकीला स्वस्तातल्या फोनच्या खोक्यात कपडे धुण्याचा साबण आला होता. असल्या इअरफोनची दुकानातली किंमत मारिक्रूसच्या महिन्याच्या पगाराला भिडत होती, म्हणून ऑनलाइन शोधणं भागच होतं. पण फसायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. आधी पैसे मागणारा पहिला विक्रेता तिने सोडला. दुसऱ्याने कंपनीचाच फोटो उचलून लावला होता. तिसऱ्याचा नंबर खोटा निघाला. यादिराचीही एक भेट तिने मोडली, कारण ऐन वेळी यादिराने स्टेशन बदललं होतं.

आईने, दोन्या ओब्दुलियाने, आयुष्यात लेकीकडे काही मागितलं नव्हतं. दुखणं हाडांत उतरलं, ती अंथरुणाला खिळली, आणि मग एक दिवस म्हणाली, "ते कानात घालायचं घे गं. भारीतलं घे. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये."

मारिक्रूसला वाटलं, बरोबर आहे. घर म्हणजे एकच खोली, मधे पडदा, आणि आईची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी. दिवस उजाडला की भंगारवाल्याच्या गाडीवरची ध्वनिफीत जुन्या गाद्या आणि फ्रिज मागत फिरे. मग गॅसवाल्याची आरोळी. संध्याकाळी मक्याचे वाफवलेले तमाल विकणाऱ्याचा भोंगा. एके काळी आई त्या भंगारवाल्याची हुबेहूब नक्कल करून सगळ्यांना हसवायची. आता तेही सोसवत नसेल.

"आले का गं?" आई रोज विचारायची.

"थोडं थांब, आई. फसायचं नाहीये आपल्याला."

"बरं, पोरी. थांबते."

थांबणं तिला चांगलं जमत होतं. दिवसा ती डोळे मिटून पडलेली असे. तिच्या रुमालाची टोकं कुरतडल्यासारखी झाली होती, म्हणून मारिक्रूसने नवे रुमाल आणले. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, वेदनेचं औषध वाढवायचं का? मारिक्रूसने सांगितलं, गरज नाही, रात्रभर हूं की चूं नसतं, माझी झोप मोडत नाही. डॉक्टरांना बरं वाटलं. तिलाही वाटलं. आईनेही मान डोलावली होती.

ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. तिने आईच्या पाठीमागे उशी सारली, इअरफोन हलक्या हाताने तिच्या कानांत बसवले आणि तिच्या आवडीचं दान्सोन नाचाचं जुनं गाणं लावलं. आई थोडा वेळ ऐकत राहिली. पाहुण्यांनी दिलेला पदार्थ मान राखून खावा, तशी. मग तिने ते काढले.

"आवाज कमी करू का?"

"छान आहेत. आता तू घाल."

"मी कशाला?"

"घाल की. गाणं नको. नुसते घाल."

मारिक्रूसने घातले. रस्ता थांबला. आईने तोंड उघडलं. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, हात चादरीत रुतले. मारिक्रूसने घाबरून एक कान मोकळा केला.

"काय झालं? काय म्हणालीस?"

"ओरडले," आई धापा टाकत म्हणाली. "आलं ऐकू?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, आई."

कितीतरी दिवसांनी दोन्या ओब्दुलियाचा चेहरा सैल पडला. तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला.

"मग आजपासून हे घालूनच झोपत जा, पोरी. म्हणजे मला कण्हता येईल."