गाऱ्हाण्याविना अडलेला अपडेट

सुरंगवाडीतल्या नऊ म्हाताऱ्यांची यंत्रहृदयं दवाखान्यातल्या सर्व्हरच्या जिवावर धडधडत. त्याचा आपोआप होणारा अपडेट पाच दिवस झालाच नव्हता, आणि दुपारी बारापर्यंत झाला नाही तर नऊही हृदयं बंद पडणार होती.

इंजिनिअर ऋचा धुरीने सगळं तपासलं. वेळापत्रक बरोबर, जागा भरपूर, परवानग्या ठीक. तरी पडद्यावर तेच: 'सुरुवात झाली नाही.'

नऊपैकी एक, भिवा गुरव, काठी टेकत आत आला. तीस वर्षं हा सर्व्हर सांभाळून तो गेल्याच आठवड्यात निवृत्त झाला होता, आणि तेव्हापासून अपडेट आपोआप व्हायचा होता.

"बाय गो, देवाक गाऱ्हाणा घातलंस?"

"आजोबा, मशीन आहे हे!"

"माझा ऐकान ऐकान शिकलेला मशीन आसा ता. देवाक सांगल्याशिवाय मी एकदाय बटण दाबूक नाय. मगे ता आपणहून कसा सुरू व्हतला?"

बाराला दहा मिनिटं कमी होती. ऋचाने सर्व्हरचा माईक पुढे केला. भिवाने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आमची नऊ काळजां तुझ्या पदरात. ह्यो अपडेट सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

सर्व्हरचा स्पीकर खरखरला.

"व्हय म्हाराजा!"

आणि पडद्यावरची पट्टी सरकू लागली.

ऋचाने अहवालात कारण लिहिलं: 'पूर्वअट अपूर्ण होती.'