मुखियाचा अर्ज

चिमूटभर अफूपायी आमच्या गावच्या मुखियानं माझ्या नवऱ्याला, को सानला, पकडून दिलं. को सान तुरुंगातच मेला.

पुढच्या वर्षी इंग्रज सरकारनं ब्रह्मदेशात नवा कायदा आणला. मुदतीत यादीत नाव घाला आणि सरकारी दुकानातून खुशाल अफू घ्या. यादी बंद झाल्यावर मात्र नाव नसलेल्याला थेट तुरुंग.

शेवटच्या दिवशी मुखिया, ऊ था डुन, माझ्या चिरुटांच्या टोपलीपाशी आला. विहारात रोज पहिला नमस्कार याचाच! त्यानं घडी घातलेला अर्ज हळूच टोपलीत सरकवला. कैद्याच्या विधवेचं कोण खरं मानणार, असं वाटलं असेल त्याला.

"शहरात चाललीसच, तर कचेरीत एवढा दे. पण कुणालाही कळता कामा नये हं, मा न्युन! लोक तोंडावर थुंकतील."

"निर्धास्त राहा, मुखियासाहेब."

महिन्याभरानं कुणीतरी खबर दिली आणि त्याच्या उशाखाली अफू सापडली. "यादीत नाव आहे माझं!" तो शिपायांवर खेकसला. त्यांनी यादी तीनदा चाळली आणि बेड्या घातल्या.

"अर्ज दिला होतास ना गं?" तो माझ्यावर ओरडला.

 

"कुणालाही कळता कामा नये म्हणालात ना? मी कारकुनालासुद्धा कळू दिलं नाही."