पायाखालचे ठोके

समुद्रातले सुरुंग काढताना बोटीच्या पोटात कुणी थांबायचं नाही, असा नियम होता. वर आलेली माणसं मोजून डेकवरचं झाकण बंद करायचं काम इंजिनवाल्याचं. एका स्फोटात बोट बुडाली. सगळे वाचले, वायरलेसवाल्याकडून हौसेने मोर्सची ठोक्यांची भाषा शिकलेला आचारी तेवढा सापडला नाही. लाटेने ओढून नेला असेल, म्हणत सगळ्यांनी विषय मिटवला.

चाळीस वर्षांनी इंजिनवाला त्या वायरलेसवाल्याकडे चहाला गेला.

"रोज पायाखालून ठोके ऐकू येतात रे. तुझी ती भाषा मला कुठे कळते?" म्हणत तो टेबलावर बोटाने वाजवू लागला.

वायरलेसवाल्याने मध्येच त्याचा हात धरला आणि उरलेले ठोके स्वतः वाजवले.

"काय म्हणतोय तो?"

"परत मोज, म्हणतोय."