आज कुठला रंग

"मावशी, आज कुठला रंग?" मास्तरांनी शर्टाचं वरचं बटण लावता लावता हळूच विचारलं.

"मावशी रजेवर आहेत, आजोबा. कसला रंग?" आवाज नवीन होता.

"काही नाही," म्हणून मास्तरांनी कॉलर आपली आपणच सारखी केली.

मास्तरांचा जन्म शिवणयंत्रावर गेला. वृद्धाश्रमात आल्यावर वर्षभरातच त्यांची नजर पार गेली. परदेशातल्या लेकीला मात्र त्यांनी त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. कळलं असतं तर ती नोकरीवर पाणी सोडून त्यांच्या उशाशी येऊन बसली असती. तिचं आत्ता कुठे तिकडे बस्तान बसलं होतं. ते मोडायला मास्तरांना निमित्त व्हायचं नव्हतं.

म्हणून दर रविवारी मावशी त्यांची कॉलर सारखी करायच्या आणि कानात लेकीच्या कपड्यांचा रंग सांगायच्या. तो त्यांना आधीच कसा ठाऊक असायचा, हे विचारायचं मास्तरांना कधी सुचलं नाही. मग व्हिडिओ कॉल यायचा. लेकीचा आवाज आला की मास्तर मान तिरकी करून म्हणायचे, "हिरवा बरा दिसतोय. पण गळा जरा जास्तच उतरलाय." गळ्याचं ते आपल्या मनानं ठोकून द्यायचे. तयार कपड्यात शिंप्याला खोट सापडतेच. लेक खळखळून हसायची आणि तो आठवडा निभावायचा.

आताही फोन वाजला. नव्या बाईंनी तो स्टँडवर लावून दिला. मास्तरांनी त्यांना थांबवायला तोंड उघडलं, तोवर त्या पुढच्या खाटेपाशी पोचल्या होत्या.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. तू?"

निळा म्हणावं? चुकलं तर सगळंच उघडं पडणार. त्यांनी थंडीचं विचारलं, नातीच्या शाळेचं विचारलं, कधी नव्हे ते जावयाच्या कंबरदुखीचंही विचारलं. मग विचारायला काही उरलं नाही. सारी हयात कापडात काढली आणि पोटच्या पोरीच्या अंगावरचा रंग सांगता येईना, याचं त्यांना रडू यायला लागलं.

"बाबा, मावशींनी कळवलं होतं मला, आज त्या रजेवर आहेत म्हणून," लेक म्हणाली. "तेव्हा रंग मीच सांगते. पिवळा. आता गळ्याचं बोला."