एका गाळ्याचं पाणी

राजेश्वरीनं बर्ग्याच्या कडीत आकडा अडकवला आणि जोर लावला, तसे बंधाऱ्यावर उभे असलेले सोनदरीचे पुरुष हसायला लागले. बर्गा म्हणजे लोखंडी फळी. अशा फळ्या बंधाऱ्याच्या दोन खांबांमधल्या गाळ्यात एकावर एक बसवल्या की ओढ्याचं पाणी अडतं, काढल्या की खाली जातं. ती फळी उचलायला दोन्ही टोकांना माणूस लागतो. म्हणूनच तिला कुणी अडवलं नव्हतं. ओढ म्हणावं, दमली की बसेल.

तिचे वडील तात्याबा पाणी समितीचे अध्यक्ष. ते हसत नव्हते, पण लेकीकडे बघतही नव्हते. दुसरीकडे कुठंतरी माळावर नजर लावून उभे होते.

सोनदरी हे जत तालुक्यातलं शहाणं गाव. टँकरमागे घागरी घेऊन पळून पळून शहाणं झालेलं. सगळ्या गावानं मिळून माळावर चर खणले, ओढा साफ केला, पडका बंधारा उभा केला. ऊस लावायचा नाही, बोअर मारायचं नाही, असं एकमतानं ठरवलं आणि पाळलंही. दरवर्षी मारुतीच्या देवळात बसून सगळे पाण्याचा हिशेब मांडायचे. त्यात माणसं धरली, गुरं धरली, शेळ्यामेंढ्या धरल्या, जत्रेला येणारे पाहुणेसुद्धा धरले. लांबून लांबून लोक हे गाव बघायला यायला लागले. आणि कौतुक ऐकता ऐकता शहाणपणाचा माज कधी झाला, ते गावालाही कळलं नाही.

यंदा पावसानं ताण दिला. बर्गे पावसाळा सरल्यावर घालायचे, अशी रीत. सोनदरीनं ते श्रावणातच घातले. थेंबभर पाणी खाली सोडायचं नाही, असं देवळात ठरलं. तेही एकमतानंच. त्या पाण्यावर डाळिंबवाल्यांची शेततळी काठोकाठ भरली, आणि त्यांतलं एक तात्याबांचं होतं. हा ओढा पुढं बिदरहळ्ळीला जातो, हे कुणाला आठवलं नाही असं मुळीच नाही. आठवलं सगळ्यांना. बोललं कुणी नाही.

राजेश्वरी बिदरहळ्ळीला दिलेली. ओढ्याकाठच्या एका विहिरीवर ते सगळं गाव पाणी पितं. ती विहीर आटली. टँकर येतो तेव्हा येतो, आणि आला की त्याच्याभोवती बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात. तिचा नवरा मेंढरं घेऊन मुलूख सोडून गेला होता. म्हातारे सासू-सासरे आणि ती मागं उरली होती.

सकाळी ती देवळात आली तेव्हा भांडायला आली नव्हती. एक गाळा उघडा, विहिरीला पाझर लागला की पुन्हा घाला, एवढंच तिनं मागितलं. समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिला सांगण्यात आलं, की लग्न झालेल्या लेकीला गावाच्या कारभारात बोलता येत नाही. तात्याबांनी तिला घरी जाऊन जेवून जायला सांगितलं. तिचं डोकं फिरलं ते तिथं. सख्खा बाप पाणी मागणाऱ्या लेकीला जेवण दाखवत होता.

“चर खांदायला सांगावा धाडून बोलावलं, आबा,” ती म्हणाली. “तवा कुणी इचारलं न्हाई, तू कुठल्या गावची.”

खोटं काय होतं त्यात? चैत्राच्या उन्हात गावच्या सगळ्या लेकी येऊन राबल्या होत्या. माहेरासाठी घाम गाळा, असा फलकच लावला होता वेशीवर. घाम चालला, तोंड चाललं नाही. ती तशीच देवळातून उठली, ताडताड चालत बंधाऱ्यावर आली आणि तिनं आकडा हातात घेतला.

आता बर्ग्याचं एक टोक जरासं वर आलं आणि खाचेत तिरपं होऊन अडकलं. तिचा तळहात सोलवटला. बिदरहळ्ळीचे लोक बर्गे काढायला येतील म्हणून काठ्या घेऊन पहाऱ्याला बसलेले गडी गंमत बघत होते. फौजेतून निवृत्त झालेला तिचा चुलता धोंडिराम त्यांचा म्होरक्या. तो दोन पावलं पुढं आला.

“बाईनं म्हायार इसरू न्हाई, पोरी,” तो म्हणाला. “सासरच्या गावासाठी म्हायाराचं पाणी सोडाय निघालीस. लाज कशी वाटंना तुला?”

गड्यांनी माना डोलावल्या. लाखातलं बोलला, असं एकजण म्हणालाही. राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं रागानं पुसलं आणि पुन्हा जोर लावला. बर्गा हलला नाही.

तेवढ्यात तिची आई भामाबाई पहारेकऱ्यांची भाकरी घेऊन आली. देवळात काय झालं ते सगळ्या गावासारखं तिलाही कळलं होतं. तात्याबांना हायसं वाटलं. पोरीला घरी घेऊन जा, असं त्यांनी तिला दरडावून सांगितलं. भामाबाईनं पाटी नवऱ्याच्या पायाशी ठेवली. भिंतीला टेकवलेला दुसरा आकडा उचलला, लेकीच्या समोर जाऊन बर्ग्याच्या दुसऱ्या कडीत अडकवला आणि पदर कमरेला खोचला.

हे काय चाललंय, असं तात्याबा ओरडले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिनं धोंडिरामाकडे पाहिलं.

“बरुबर बोलला, भावजी. बाईनं म्हायार इसरू न्हाई,” ती म्हणाली. “माझं बिदरहळ्ळी हाय.”